गर्दीच्या मैदानात डिस्क गोल्फ कसा खेळावा

डिस्क गोल्फची मूळ कल्पना सोपी आहे. ठरलेल्या जागेवरून डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारखी प्लॅस्टिकची चपटी तबकडी, फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींमध्ये लक्ष्य गाठायचे. खरी अडचण जागेची असते. या खेळासाठी राखलेले मैदान हाताशी नसेल, तर कोल्हापूरच्या खेळाडूला सकाळी फिरायला आलेली वयस्कर मंडळी, टेनिस बॉलने क्रिकेट खेळणारी मुले, फुटबॉलचा सराव करणारी पेठेतील पोरे आणि गवतावर डबा उघडून बसलेली कुटुंबे यांच्यामधूनच आपली वाट काढावी लागते. अशा ठिकाणी खेळाडूची पारख मी एकाच गोष्टीवरून करतो: समोर माणूस आला की तो हात किती सहजपणे खाली घेतो. हे ज्याला जमले त्याला पुढचे सारे शिकता येते, आणि ज्याला जमले नाही त्याने कितीही लांब फेक केली तरी सार्वजनिक मैदानात त्याच्याबरोबर खेळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळ आणि त्याचे मोजके नियम

झाडे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांना लक्ष्य मानून फ्रिसबी फेकण्याचे खेळ अमेरिकेत आधीपासून खेळले जात होते. त्यांना निश्चित रूप दिले ते एड हेड्रिक यांनी. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्क येथे पहिला कायमस्वरूपी कोर्स, म्हणजे या खेळासाठी आखलेले मैदान, उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे 1976 मध्ये, प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनची स्थापना झाली. लोखंडी खांबाभोवती लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली, ही आज जगभर दिसणारी बास्केटही हेड्रिक यांचीच. साखळ्या डिस्कचा वेग मारतात आणि ती खाली टोपलीत पडते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की तो पहिला कोर्ससुद्धा एका सार्वजनिक उद्यानातच होता. इतरांबरोबर जागा वाटून घेणे या खेळाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, आणि त्याच्या नियमांत त्याच्या खुणा सापडतात.

आपल्याला लागणारे नियम थोडे आहेत. फेकीच्या ठरलेल्या जागेपासून एका लक्ष्यापर्यंतच्या टप्प्याला होल म्हणतात आणि त्या सुरुवातीच्या जागेला टी. प्रत्येक होलची पहिली फेक टीवरून होते. त्यानंतर ज्याची डिस्क लक्ष्यापासून सर्वांत दूर असेल तो आधी फेकतो. डिस्क जिथे थांबली तिथे लहान मार्कर ठेवून त्याच्या मागे पाय टेकवून पुढची फेक करायची. लक्ष्यापासून 10 मीटरच्या आत आल्यावर फेकताना पाय मार्करच्या पुढे टाकायचा नाही, आणि फेक झाल्यावर तोल सावरलेला दिसला पाहिजे. हद्दीबाहेर गेलेल्या डिस्कसाठी एक दंडाची फेक मोजली जाते. हरवलेली डिस्क तीन मिनिटे शोधता येते. तोवर सापडली नाही तर तिलाही एक दंड. इतरांना इजा होण्याची शक्यता असेल तर फेकू नये, हेही या खेळात शिष्टाचार म्हणून नियमातच येते.

जागा आणि वेळ

शहरातील प्रत्येक हिरवी जागा या खेळासाठी नसते, आणि हे आधी मान्य केलेले बरे. टाउन हॉलच्या बागेत झाडांची दाटी आकर्षक वाटते, पण तिथे वस्तुसंग्रहालय पाहायला येणारे लोक असतात, बाकांवर माणसे विसावलेली असतात आणि पायवाटा सतत एकमेकींना छेदतात. महावीर उद्यानाचीही तीच गोष्ट. अशा बागांमध्ये लोक निवांतपणासाठी येतात, आणि डोक्यावरून काहीतरी भिरभिरत जाईल ही भीती असेल तर त्यांचा तो निवांतपणा उरत नाही. या बागांत जास्तीत जास्त एखाद्या रिकाम्या कोपऱ्यात, पाच-सहा मीटरवरून पुटिंगचा, म्हणजे लक्ष्यात डिस्क टाकण्याच्या जवळच्या फेकीचा, सराव करावा, तोही बागेची देखभाल करणाऱ्यांना विचारूनच. रंकाळ्याच्या पदपथावर आणि चौपाटीवर तर डिस्क पिशवीतून बाहेरच काढू नये. तिथली सकाळ-संध्याकाळची वर्दळ आणि शेजारचे पाणी, दोन्ही आपल्या विरुद्ध आहेत.

मोकळी मैदाने त्यापेक्षा कितीतरी बरी. तपोवन मैदान किंवा मेरी वेदर मैदान यांसारख्या विस्तीर्ण जागेत एखादी कड धरून चार-पाच छोटे होल बसतात. मात्र ही मैदाने कधी प्रदर्शनांना, कधी सभांना, कधी स्पर्धांना दिलेली असतात. म्हणून जाण्यापूर्वी त्या दिवशी तिथे काय आहे याची चौकशी करावी, आणि नियमित खेळायचे असेल तर मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची रीतसर परवानगी घ्यावी. महापालिकेच्या जागेसाठी अर्ज करताना खेळाचे नाव लिहून भागत नाही. डिस्क कशाची असते, किती अंतर फेकली जाते, खड्डे खणावे लागतात का, झाडांना काही ठोकावे लागते का, हे प्रश्न समोरून येणारच. त्यांची उत्तरे अर्जातच द्यावीत आणि शक्य असल्यास एक डिस्क सोबत नेऊन दाखवावी.

मैदानाइतकेच महत्त्व वेळेला आहे. पहाटेपासून साधारण आठपर्यंत फिरणाऱ्यांची आणि व्यायाम करणाऱ्यांची गर्दी असते, तर संध्याकाळी पाच वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत मैदान मुलांचे असते. कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरचे दोन तास सर्वांत मोकळे मिळतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दुपारी तीनच्या सुमारासही ऊन सोसण्याजोगे असते. रविवारी सकाळी खेळण्याचा मोह टाळावा. फुटबॉलच्या हंगामात तालीम मंडळांच्या संघांचा सराव चालू असेल, तर त्या मैदानावर त्यांचा हक्क आपल्याआधीचा आहे असे समजून दुसरी कड शोधावी. पावसाळ्यात ओली डिस्क हातातून निसटते आणि भलत्याच दिशेला जाते, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात गर्दीच्या जागी लांब फेकी टाळून फक्त पुटिंग करावे.

कोणती डिस्क न्यावी

डिस्कचे ढोबळमानाने तीन प्रकार असतात: जवळच्या फेकीसाठी पुटर, मध्यम अंतरासाठी मिडरेंज आणि लांब फेकीसाठी ड्रायव्हर. 1983 मध्ये कडेला उतार दिलेली डिस्क बाजारात आली आणि तेव्हापासून फेकीची अंतरे झपाट्याने वाढली. आजच्या ड्रायव्हरची कड पातळ, रुंद आणि कठीण असते. वजन मात्र साऱ्यांचे जवळपास सारखेच, बहुधा 150 ते 180 ग्रॅम. म्हणजे तेवढेच वजन ड्रायव्हरमध्ये अधिक वेगाने आणि अधिक धारदार कडेने येते. गर्दीच्या मैदानात ड्रायव्हर नेऊ नये, हा माझा या बाबतीतला एकमेव हट्ट आहे. पुटरची कड जाड आणि बोथट असते, तो सावकाश उडतो, लवकर खाली बसतो आणि शिकणाऱ्याच्या हाताची चूक लगेच दाखवून देतो. पुटर नीट फेकणारा माणूस 50 मीटरचा होल दोन-तीन फेकींत सहज पुरा करतो, आणि मैदानाच्या कडेला आखलेले होल त्याहून मोठे असण्याचे कारण नाही.

डिस्कवर चार आकडे छापलेले असतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे वेग, तरंगण्याची क्षमता, उड्डाणाच्या सुरुवातीचा कल आणि शेवटचा कल असा आहे. पहिला आकडा 2 किंवा 3 असलेली डिस्क घ्यावी. साधे, किंचित खरखरीत प्लॅस्टिक हातात चांगले बसते आणि स्वस्तही पडते. रंग भगवा, गुलाबी किंवा गडद पिवळा निवडावा. हिरवी डिस्क आपल्याला गवतात सापडत नाही आणि समोरून चालत येणाऱ्यालाही ती उशिरा दिसते. डिस्कच्या आतल्या बाजूला कायमस्वरूपी शाईने आपला फोन नंबर लिहून ठेवावा. डिस्क गोल्फची डिस्क मिळाली नाही, तर अल्टिमेट फ्रिसबीची 175 ग्रॅमची मोठी तबकडी सुरुवातीला चालते. ती गोल्फच्या डिस्कपेक्षा रुंद असते आणि सावकाश उडते, त्यामुळे अनोळखी लोकांमध्ये ती अधिक निर्धोकही ठरते.

होल आखणे

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण येथे केलेला विचार नंतरच्या निम्म्या सूचना अनावश्यक करतो. आधी संपूर्ण कडेने एक फेरी मारावी आणि लोक कोणत्या वाटेने चालतात ते पाहावे. सिमेंटची पायवाट दिसते, पण गवतावर पावलांनी पडलेली पायवाट अधिक खरी असते. शाळेची मुले, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका, कोपरा कापून रस्त्याला लागणारे लोक तिनेच येतात. कोणत्याही होलची फेक अशा वाटेला ओलांडून जाता कामा नये. फेकीची दिशा वाटेपासून दूर जाणारी असावी, आणि लक्ष्याच्या मागे शक्य असल्यास कंपाउंडची भिंत, मातीचा बांध किंवा दाट कुंपण असावे.

त्यानंतर चुकलेली फेक कुठे जाईल याचा विचार करावा. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेत तळहाताची मागची बाजू पुढे ठेवून, फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि वेग मंदावला की डावीकडे झुकत खाली येते. हात लवकर सुटला तर ती सुरुवातीपासूनच डावीकडे जाते, उशिरा सुटला तर उजवीकडे. नवशिक्याच्या बाबतीत उजवीकडची चूक अधिक जोरकस असते, कारण डिस्क बोटांत अडकून संपूर्ण ताकदीनिशी सुटते. म्हणून होलच्या लांबीच्या एक तृतीयांश इतकी जागा दोन्ही बाजूंना मोकळी ठेवावी आणि लक्ष्याच्या मागे किमान वीस मीटर रिकामे असावेत. 45 मीटरच्या होलला दोन्हीकडे 15 मीटर. एवढी जागा नसेल तर होल लहान करावा. 25 मीटरचा अचूक होल 45 मीटरच्या धास्तावलेल्या होलपेक्षा खेळायला कितीतरी आनंददायक असतो. डावखुरे खेळाडू सोबत असतील तर त्यांची डिस्क शेवटी उजवीकडे झुकते, हे धरून चालावे.

वाऱ्याचा विचार यात येतोच. उन्हाळ्यातील दुपारी आणि पावसाळ्यात कोल्हापुरात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. समोरून वारा असताना डिस्क वर उचलली जाते आणि उजव्या हाताच्या बॅकहँडमध्ये उजवीकडे कलते. पाठीमागून वारा असताना ती लवकर खाली येते आणि लवकर डावीकडे वळते. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर टाकलेला होल अधिक बेभरवशाचा, आणि त्यालाच सर्वांत जास्त मोकळी जागा द्यावी. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून फेकावे लागणार नाही याचीही काळजी घ्यावी. डोळ्यांत ऊन असेल तर समोरचा माणूस दिसत नाही, आणि त्यालाही आपली फेक दिसत नाही.

घडीची बास्केट जवळ असेल तर उत्तमच, नाहीतर जुन्या झाडाचे जाड खोड हे या खेळाचे परंपरागत लक्ष्य आहे. खोडावर गुडघ्याच्या उंचीला एक आणि खांद्याच्या उंचीला एक अशा कापडाच्या दोन पट्ट्या सैल बांधाव्यात आणि त्यांच्यामध्ये डिस्क लागली की होल पुरा झाला असे धरावे. खिळा ठोकू नये, रंग लावू नये, आणि कोवळ्या रोपाला तर लक्ष्य करूच नये. वारंवार लागलेल्या डिस्कने त्याची साल सोलली जाते. झाडाखाली कोणी बसले असेल तर त्या दिवसापुरता तो होल बंद समजावा. त्यांना उठायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता नियमांचा खरा उपयोग. पायवाटा, फुलांचे वाफे, बाक, मुलांची खेळणी आणि शेजारच्या क्रिकेटची खेळपट्टी हे सारे हद्दीबाहेर जाहीर करावे. तिथे गेलेल्या डिस्कसाठी एक दंड मोजावा आणि डिस्क जिथून बाहेर गेली तिथून एक मीटर आत येऊन पुढची फेक करावी. हा एक बदल केला की खेळाडूंना वेगळी तंबी द्यावी लागत नाही. ज्याला आपला गुणफलक सांभाळायचा आहे तो आपोआप वाटेपासून लांब फेकू लागतो, आणि लोकांची सुरक्षितता हीच चांगल्या खेळाची अट होऊन बसते. पाहुण्यांना किंवा नवख्यांना सोबत आणले असेल तर पहिल्या फेकीपूर्वी त्यांना या हद्दी बोटाने दाखवून द्याव्यात.

फेक

गर्दीत धावत येऊन फेकू नये, उभ्यानेच फेकावे. चार बोटे कडेच्या आत आणि अंगठा वर, अशी पकड घ्यावी. उजवा खांदा लक्ष्याकडे येईल असे उभे राहावे, डिस्क छातीच्या उंचीवर मागे न्यावी, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणावे आणि कोपर पुढे काढत शेवटच्या क्षणी मनगट उलगडावे. डिस्क पुढे नेताना ती रश्श्याची वाटी ठेवलेल्या ताटासारखी सपाट असली पाहिजे. पुढची कड वर उचलली गेली की डिस्क आकाशात चढते, थांबते आणि वाऱ्याबरोबर कुठेही उतरते. मैदानातील बहुतेक घाबरवणाऱ्या फेकी याच दोषातून जन्माला येतात. उंची डोक्याच्या थोडी वर, यापेक्षा जास्त नको. पूर्ण ताकदीची गरज कधीच पडत नाही. निम्म्या-पाऊण जोराने, पण भरपूर फिरकी देऊन टाकलेला पुटर सरळ जातो, कारण डिस्कला स्थिर ठेवते ती तिची फिरकी.

फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारलेली फेक, ही शिकायला आकर्षक वाटते. तिची दिशा हाती येईपर्यंत ती रिकाम्या मैदानातच करावी.

फेकीपूर्वी आणि फेकीनंतर

चारपेक्षा जास्त जणांचा गट करू नये. आठ जण जमले तर दोन गट वेगवेगळ्या होलपासून सुरू करावेत. प्रत्येक होलवर एका खेळाडूने पुढे, फेकीच्या पट्ट्याच्या बाहेर आणि लक्ष्याच्या अलीकडे, उभे राहून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि हात वर केल्यावरच टीवरच्या खेळाडूने डिस्क मागे न्यावी. हात खाली असेल तर फेक नाही. शिवाय "थांबा" हा शब्द गटातील कोणीही उच्चारला, तरी कारण न विचारता थांबायचे. थांबवणारा चुकीचा ठरला तरी त्याला बोल लावू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

चालत येणाऱ्या माणसाला आपण थांबलो आहोत हे कळले पाहिजे. नुसते उभे राहिल्याने ते कळत नाही. लोक बिचकतात आणि आपल्यासाठी थांबून राहतात. "जावा काका, आम्ही थांबलोय" एवढे म्हणावे, डिस्क खाली धरावी, आणि ते पट्ट्यातून पूर्ण बाहेर गेल्यावरच पुन्हा उभे राहावे. त्यांनी काय खेळताय असे विचारले तर सांगायला वेळ द्यावा. एखाद्या आजींना डिस्क हातात घेऊन पाहावीशी वाटली, तर त्या दोन मिनिटांत खेळाला मिळणारी सदिच्छा कोणत्याही अर्जाने मिळणार नाही.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण उडती डिस्क दिसली की ती पकडायला मूल धावत सुटते, आणि तेही नेमके डिस्कच्या मार्गात. आसपास मुले जमली की लांब फेकी बंद कराव्यात, त्यांना आपल्या मागे उभे करावे आणि पाच मीटरवरून एकेक डिस्क टाकायला द्यावी. मोकाट कुत्री डिस्कमागे पळतात. त्यांना हुसकावण्यापेक्षा तो होल सोडून पुढे जाणे बरे.

फेक भरकटली तर लाजून गप्प राहू नये. "डोकं सांभाळा!" असे पोटातून ओरडावे, गटातील सर्वांनी एकदम ओरडावे, आणि तेही डिस्क हवेत असतानाच. कोणाला डिस्क लागलीच, तर खेळ तिथेच थांबवून सर्वांनी त्या व्यक्तीकडे जावे, आधी विचारपूस आणि प्रथमोपचार करावा, लागलेल्या जागी बर्फ किंवा थंड पाणी लावावे आणि डोक्याला अथवा डोळ्याला मार असेल तर स्वतः डॉक्टरांकडे घेऊन जावे. आपला नंबर द्यावा. चूक कोणाची याची चर्चा तिथे काढू नये.

झाडावर अडकलेली डिस्क काढण्यासाठी दगड मारू नयेत, कारण दगड कुठे पडेल हे डिस्कपेक्षाही कमी सांगता येते. लांब काठीने निघाली तर काढावी, नाहीतर वाऱ्यावर सोडावी. तळ्यात किंवा नाल्यात गेलेली गोल्फ डिस्क बहुधा बुडते. तिच्यासाठी पाण्यात उतरू नये. कोणाच्या घराच्या आवारात गेली तर फाटकाशी उभे राहून हाक मारावी, भिंत ओलांडून जाऊ नये.

खेळ संपल्यावर खोडांवरच्या पट्ट्या सोडाव्यात, डिस्क आणि मार्कर मोजून पिशवीत भरावेत, आणि त्या दिवशी ज्या होलवर वारंवार थांबावे लागले तो वहीत टिपून ठेवावा. पुढच्या वेळी त्याची दिशा बदलावी किंवा तो काढूनच टाकावा.